वय झाले म्हणून नव्हे



मागील महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांच्या ७१ वर्षांच्या सासूबाई गेले दोन-तीन महिने नीट जेवत नाहीत, शेजारीपाजारी जात नाहीत, दूरदर्शन लावले तर 'बंद करा' म्हणतात. रक्त, लघवी, छातीचा फोटो, पोटाची सोनोग्राफी हे सर्व झाले. अहवाल चांगले आहेत. घरात दोन मते पडली आहेत. मुलगा म्हणतो, "वय झाले, असे व्हायचेच." नणंद म्हणते, "हट्ट आहे, लक्ष देऊ नका." पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे, "डॉक्टर, यांतले खरे कोणते?"

रुग्णाला न पाहता पत्रावरून निदान करणे योग्य नव्हे. परंतु ही दोन्ही मते चुकीची असण्याची आणि तिसरेच काही खरे असण्याची शक्यता मोठी आहे. ती शक्यता म्हणजे नैराश्य. बोलताना आपण सर्रास 'डिप्रेशन' म्हणतो, तोच हा आजार. तो ओळखण्यात एकदा माझीही चूक झाली होती. प्रथम ती हकिगत सांगतो. पुढचे सारे त्यावरून समजण्यास सोपे जाईल.

सहा फेऱ्या आणि न विचारलेला प्रश्न

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस आपल्या किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा काही तास वाहत होता. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्यांचे काय झाले, ते या भागातील वाचकांना मी सांगावयास नको. त्या वाडीवाल्यांपैकी एक गृहस्थ माझे जुने रुग्ण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलतो आणि त्यांना केवळ 'तात्या' म्हणतो. वय ७४. वडिलोपार्जित वाडी. एका दुपारी तिच्यातील बहुतेक पोफळी आडव्या झाल्या.

त्या पावसाळ्यात तात्या धीराने वावरले. पंचनामे झाले, पडलेली झाडे तोडून बाजूला झाली, मुंबईचे मुलगे येऊन कौले नीट करून गेले. दिवाळीनंतर मात्र तात्या माझ्या दवाखान्यात वारंवार येऊ लागले. कधी पोटात जळजळ, कधी अंग मोडून येणे, कधी पहाटे तीनलाच जाग, कधी घास घशाखाली न उतरणे. मी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, टॉनिक दिले, जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली, दुर्बिणीने पोट तपासून घेण्यास पाठविले. पाच महिन्यांत त्यांच्या सहा फेऱ्या झाल्या, वजन सहा किलोंनी उतरले. प्रत्येक वेळी मी पोटाची चौकशी केली. मनाची एकदाही केली नाही.

त्यानंतर एकदा काकू स्वतःचा रक्तदाब तपासण्यासाठी एकट्याच आल्या. जाता जाता म्हणाल्या, "डॉक्टर, हल्ली हे ओटीवर बसतात ते वाडीकडे पाठ करून. खुर्चीच फिरवून घेतली आहे."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर विचारले, "तात्या, नवीन रोपे केव्हा लावणार?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोफळ लावली तर धरायला सहा-सात वर्षे. कोणासाठी लावू? आणि तोवर मी तरी कशाला हवा आहे?" मी सरळ विचारले, "जीव संपवावा असा विचार मनात येतो का?" माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "रोज पहाटे येतो. कोणी विचारले नाही, म्हणून बोललो नाही."

आणखी महिनाभर मी आम्लपित्ताच्याच गोळ्या देत राहिलो असतो तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

दुःख वेगळे, नैराश्य वेगळे

दुःख हा आजार नव्हे. जोडीदार गेला, मुले दूर गेली, पिढ्यांनी जपलेली वाडी गेली, तर दुःख होणारच. न होणे हेच नवल. पण दुःख लाटेसारखे येते आणि ओसरते. मधल्या काळात माणूस नातवाशी हसतो, आवडता पदार्थ दोन घास अधिक खातो, गेलेल्याची गोड आठवण सांगतो. नैराश्यात ही ओहोटी येतच नाही. दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे मन खिन्न राहते किंवा कशातही रस वाटेनासा होतो. त्याच्या जोडीला झोप बिघडते, भूक मरते, अकारण थकवा येतो, लक्ष लागत नाही, हालचाल मंदावते किंवा उलट माणूस अस्वस्थपणे येरझारा घालतो, 'मी साऱ्यांना भार झालो' असा अपराधीपणा वाटतो आणि मरणाचे विचार येऊ लागतात. यांतील बरीच लक्षणे एकत्र दिसली आणि त्यांमुळे रोजचे व्यवहार अडू लागले, की तो आजार समजावा.

ज्येष्ठांत हा आजार बहुधा वेषांतर करून येतो. आपल्या पिढीला 'मन उदास आहे' असे म्हणण्याची सवय नाही. पोट, पाठ, डोके, झोप यांविषयी मात्र मोकळेपणाने बोलता येते. म्हणून मनाचे दुखणे शरीराच्या तक्रारींतून बोलते. काहींत ते चिडचिडीच्या रूपाने येते. काहींत विसराळूपणाच्या रूपाने येते आणि घरच्यांना स्मृतिभ्रंशाची शंका येते. दोहोंतील भेद डॉक्टरांनीच ठरवावा. तरी एक खूण सांगतो. स्मृतिभ्रंश हळूहळू, वर्षानुवर्षे वाढतो आणि रुग्ण बहुधा आपला विसर झाकू पाहतो. नैराश्यातील विसर काही आठवड्यांत जाणवू लागतो आणि रुग्ण स्वतःच "मला काही आठवत नाही" अशी तक्रार करतो. कधी कधी दोन्ही आजार एकत्रही असतात.

हे का होते?

एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. मेंदूतील पेशी एकमेकींशी काही रसायनांच्या साह्याने संवाद साधतात; भावना, झोप आणि भूक यांचे नियमन करणाऱ्या जाळ्यांचे काम नैराश्यात बिघडते. काही घराण्यांत ही प्रवृत्ती अधिक असते. उतारवयात शरीराचे आजार भर घालतात. थायरॉईडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तक्षय, मधुमेह, पक्षाघात, कंपवात, दीर्घकाळची सांधेदुखी ही नेहमीची उदाहरणे. स्टेरॉइडसारखी काही औषधे आणि मद्य यांचाही हात असू शकतो. कमी ऐकू येणे हे कारण आपण विसरतो. ज्याला गप्पा ऐकू येत नाहीत तो हळूहळू गप्पांतून उठून जातो.

त्यावर आयुष्यातील घटनांचा घाव पडतो. आपल्या किनाऱ्यावरील अनेक घरांत आज दोनच म्हातारी माणसे असतात. मुले मुंबई, पनवेल, पुण्याला. येणे गणपतीला आणि शिमग्याला. कोळीवाड्यात ज्याने चाळीस वर्षे होडी हाकली, त्याला गुडघ्यांमुळे होडीत चढता येईनासे होते, तेव्हा त्याचे केवळ काम सुटत नाही. पहाटे उठण्याचे कारणच सुटते. तात्यांचेही तसेच झाले. वाडीचे शिंपणे, झावळ्या ओढणे, सुपारी वाळत घालणे यांवर त्यांचा दिवस उभा होता. पोफळी पडल्या आणि दिवसाचा आधारच गेला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. नैराश्य हा दुबळ्या मनाचा पुरावा नव्हे, श्रद्धा कमी पडल्याची खूण नव्हे आणि म्हातारपणाचा अटळ भागही नव्हे. बहुसंख्य वृद्ध माणसांना नैराश्य नसते. म्हणूनच ज्यांना आहे, त्यांना 'वय झाले' म्हणून सोडून देणे हा अन्याय आहे.

न ओळखल्यास काय होते?

रुग्ण जेवत नाही, म्हणून अशक्तपणा येतो. अशक्तपणामुळे पडणे, पडल्यामुळे हाड मोडणे. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या चुकू लागतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर नैराश्य आले तर सुधारणा मंदावते. सेवा करणारी पत्नी किंवा सून स्वतः खचत जाते. आणि सर्वांत मोठा धोका आत्महत्येचा. "आता देवाने न्यावे" हे वाक्य आपण बोलण्याची पद्धत म्हणून कानाआड करतो. ते शांतपणे ऐकावे आणि पुढचा प्रश्न विचारावा. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक वेळा विचारल्याने ओझे हलके होते आणि मदतीची वाट उघडते.

उपचार कोणते?

पहिली पायरी तपासणीची. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, साखर, सोडियम आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी पाहावी. तात्यांचे बी-१२ आधीच्या इंजेक्शनांमुळे ठीक होते, थायरॉईडही ठीक होते. मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास सुचविले, तेव्हा ते उसळून म्हणाले, "मी काय वेडा आहे?" मी म्हणालो, "तात्या, डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलात ना? तसेच हे." काकू आणि धाकटा मुलगा बरोबर गेले, म्हणून ते गेले.

औषधांची नावे मी येथे मुद्दाम देत नाही; ती प्रत्येकासाठी तज्ज्ञांनी ठरवावयाची असतात. काही गोष्टी मात्र ठाऊक असाव्यात. नैराश्यावरील गोळ्या झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचे व्यसन लागत नाही. त्यांचा गुण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. उतारवयात कधी सहा-आठ आठवडेही लागतात. ज्येष्ठांत मात्रा लहान ठेवून हळूहळू वाढवितात. आरंभी मळमळ, डोके जड होणे असे त्रास काही दिवस होऊ शकतात. वृद्धांत क्वचित रक्तातील सोडियम कमी होऊन गोंधळलेपणा येतो, विशेषतः लघवी अधिक होण्याची गोळी चालू असल्यास. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत सोडियम तपासावे. ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर तसे सांगावे, कारण रक्तस्रावाची शक्यता वाढते. बरे वाटले तरी गोळी किमान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावी लागते आणि ती एकाएकी बंद करू नये. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने झोपेची गोळी आणून घेणे हा यावर उपाय नव्हे. तिने वृद्ध माणूस पडतो, विसर वाढतो आणि सवय लागते ती वेगळीच.

आजार अतितीव्र असेल, रुग्णाने अन्नपाणी सोडले असेल, तर भूल देऊन केली जाणारी विद्युत उपचारपद्धतीही सुरक्षित व गुणकारी आहे. चित्रपटांतील दृश्यांवरून तिच्याविषयी मत बनवू नये.

दुसरा उपचार बोलण्याचा व वागण्याचा. याविषयी आपल्याच किनाऱ्यावर, थोडे दक्षिणेला, गोव्यात फार मोलाचे काम झाले आहे. 'संगत' या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या सामान्य माणसांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाला पुन्हा छोट्या छोट्या कामांकडे वळवीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हा अभ्यास प्रौढांचा होता. ज्येष्ठांसाठी गोव्यातच डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा प्रयोग केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या, साठी ओलांडलेल्या १८१ जणांपैकी निम्म्यांना प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांनी अडचणी एकेक करून सोडविण्यास, झोपेची शिस्त लावण्यास, मधुमेह-रक्तदाब सांभाळण्यास आणि पेन्शनसारख्या योजना मिळविण्यास मदत केली. वर्षभरात त्यांच्यापैकी चौघांना तीव्र नैराश्य आले. उरलेल्या निम्म्यांत तेराजणांना आले. महागडी यंत्रे नव्हती; नेमाने येणारे, ऐकून घेणारे आणि वाट दाखविणारे माणूस होते.

तात्यांच्या बाबतीतही गोळीबरोबर हाच मार्ग धरला. पहिल्या आठवड्यात एकच काम दिले: खुर्ची वाडीकडे फिरवावयाची. दुसऱ्या आठवड्यात सकाळी पंधरा मिनिटे काकूंबरोबर वाडीत चालावयाचे, काहीही न करता. इच्छा होईल तेव्हा जाऊ, असे नव्हे. इच्छा नसतानाच जावयाचे, कारण या आजारात कृती आधी आणि इच्छा नंतर येते. तिसऱ्या आठवड्यात झोप थोडी सुधारली. सहाव्या आठवड्यात ते आपणहून म्हणाले, "पोफळीच्या रोपाला सावली लागते. आधी केळी लावू." केळ साधारण वर्षभरात घड देते, पोफळीइतकी वाट पाहावी लागत नाही.

सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. त्या पावसाळ्यात बरे वाटते म्हणून त्यांनी गोळी परस्पर बंद केली आणि दोन महिन्यांत पहाटेची ती जाग परत आली. पुन्हा गोळी सुरू केली, या वेळी वर्षाहून अधिक काळ. आजार उलटला म्हणजे उपचार फसला असे नव्हे. तो पुरेसा काळ घ्यावा लागतो.

घरच्यांसाठी काही सूचना

• "सगळे तर आहे, मग रडता कशाला?", "मन घट्ट करा" असे म्हणू नका. त्यापेक्षा "हा आजार आहे, बरा होतो, मी बरोबर आहे" असे म्हणा.
• दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत वारंवार उदास किंवा हताश वाटले का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे का? एकाचेही उत्तर 'हो' असल्यास डॉक्टरांना भेटा.
• गोळ्या आपल्या हाताने, वेळेवर द्या. मरणाचे विचार असतील तर औषधांचा साठा आणि वाडी-शेतीची फवारणीची औषधे कुलपात ठेवा, रुग्णाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.
• रोज थोडा वेळ उन्हात चालणे, ठरल्या वेळी उठणे, दुपारची झोप अर्ध्या तासावर न नेणे हे सांभाळा.
• त्यांच्या हाती खरेखुरे काम द्या. जाळे सांधणे, नारळ मोजून घेणे, नातवाला फोनवर गोष्ट सांगणे, काहीही; पण ज्याची घराला गरज आहे असे.
• मुंबईच्या मुलांनी महिन्यातून एकदा तासभर फोन करण्यापेक्षा रोज पाच मिनिटे, ठरल्या वेळी करावा.
• सेवा करणाऱ्यांनी स्वतःलाही वरील दोन प्रश्न विचारावेत.

मदत कोठे मिळेल?

प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोला. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकारांसाठी उपचार मिळतात. केंद्र शासनाची 'टेली मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारावर उपचार मिळणे हा हक्क मानला आहे आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच या आजारांनाही संरक्षण द्यावे असे म्हटले आहे. तेव्हा यात लपविण्यासारखे काही नाही.

पत्रलेखिका भगिनींना माझे उत्तर असे: सासूबाईंना 'जेवा' म्हणण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसा आणि वरील दोन प्रश्न विचारा. उत्तर लगेच आले नाही तरी उठू नका. मग त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा आणि सांगताना भुकेबरोबर दूरदर्शन बंद करण्याचेही सांगा. माझ्यासारखा एखादा डॉक्टर ते विचारावयाचे विसरला असेल.

तात्यांच्या वाडीत आता पोफळीची रोपे आहेत. ती अजून धरलेली नाहीत. परंतु परवा मी गेलो तेव्हा ओटीवरची खुर्ची वाडीच्या बाजूस होती आणि तीत कोणी नव्हते. काकू म्हणाल्या, "पाणी लावायला गेले आहेत. बसा, येतील इतक्यात."